पावणेतीनची गोळी

सिस्टर, तुमची खिडकी बंद असणार हे मला ठाऊक होतं. तरी तुम्ही गेल्याच्या तिसऱ्या दिवशी पावणेतीनला मी कंपनीच्या दवाखान्यापुढे जाऊन उभा राहिलो. सकाळी शॉपमधले हॅमर दोन मिनिटं बंद ठेवून सगळे तुमच्यासाठी उभे राहिले होते, त्यात मीही होतो. म्हणजे मला कळलं नव्हतं असं नाही. पण पाय सवयीने वळले. खिडकीला आतून पुठ्ठा लावला होता. मी त्या पुठ्ठ्याकडे बघत होतो आणि माझं तोंड उघडलं. मी उघडलं नाही, ते उघडलं. जीभ वर गेली, आणि जिभेखाली कुणीतरी वाकून बघतंय असं मला अगदी स्पष्ट जाणवलं. भर उन्हात मानेवर काटा आला.

मागून पाळी सुटलेली माणसं येत होती. "काय राव, जांभया द्यायलास उभ्यानं?" एकजण म्हणाला. मी हो म्हटलं आणि त्याच्याबरोबर गेटकडे चालू लागलो.

तुमच्याबद्दल सगळे बोलतात. भाजलेल्याला तुम्ही कशा फुंकर घालायचात, कुणाच्या बायकोच्या बाळंतपणाला कशा धावलात, साहेबाला कसं सुनावलंत. ते सगळं खरंच आहे, पण ते लिहायला मी बसलेलो नाही. माझ्याकडे तुमचं जे आहे ते दुसऱ्या कुणाकडे नाही, आणि ते मी नीट मांडलं नाही तर मी ते मोडून टाकीन अशी मला भीती वाटते. म्हणून तुम्हालाच सांगतो. त्यातलं अर्धं तुम्हाला माहीत आहे. उरलेलं मी तुमच्यापासून लपवलं होतं.

बहात्तरला गावाकडे प्यायला पाणी उरलं नाही तेव्हा मी मराठवाड्यातून इकडे आलो आणि फोर्ज शॉपमध्ये हॅमरवर लागलो. लालभडक लोखंड चिमट्यात धरून ठेवायचं आणि वरून हॅमर पडू द्यायचा. दर ठोक्याला चिमट्यातून झटका खांद्यात जायचा, खांद्यातून कमरेत. वर्षभरात कंबर कामातून गेली. नाशिक रोडला, मोशीच्या पुढे चाकणच्या बाजूला, एक ढाबा होता. तिथे लांब पल्ल्याचे ट्रकवाले मिऱ्याएवढी काळी गोळी चहाबरोबर घ्यायचे. एकाने मला वाकून चालताना बघितलं आणि म्हणाला, "ले भाई, कमर भूल जाएगा." कंबर खरंच विसरलो. मग डबल पाळ्या केल्या. मग कंबर दुखत नसतानाही गोळी लागायला लागली, आणि मिऱ्याची बोराएवढी झाली.

आमच्या चाळीतल्या विहारात संध्याकाळी वंदना व्हायची. पंचशील म्हणताना पाचवं शील आलं, नशेपासून दूर राहण्याचं, की मी नुसते ओठ हलवायचो. शांता, माझी बायको, शेजारी बसलेली असायची. माझा आवाज तुटलेला तिला कळायचा. ती डोळे मिटून पुढचं म्हणत राहायची, आणि घरी आल्यावर भाकरी थापताना जरा जास्तच जोरात थापायची.

तुम्ही मला पकडलंत ते मी हात भाजून घेऊन आलो तेव्हा. पट्टी बांधताना तुम्ही हाताकडे बघतच नव्हतात, माझ्या डोळ्यांत बघत होतात.

"किती दिवस खातोस?"

"काय ते बाई?"

"मेल्या, मला शिकवू नकोस. बाहुली टाचणीएवढी झालीय तुझी. अफू ना?"

डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे, त्यांनी मला चार वेळा तपासलं होतं आणि त्यांना काही दिसलं नव्हतं. तुम्हाला एका नजरेत दिसलं. मला वाटायचं, कोकणातली माणसं हुशार असतात, त्यातलं हे. खरं कारण मला तुम्ही गेल्यावर कळलं.

मग तुम्ही मला दवाखान्याच्या मागच्या खोलीत आठ दिवस ठेवलंत. रजेच्या कागदावर कावीळ लिहिलंत, नोकरी वाचवलीत. त्या आठ दिवसांबद्दल आपण नंतर कधी बोललो नाही. नाकाडोळ्यांतून पाणी, पोटात पीळ, पाय एका जागी ठरत नव्हते, अंगावरचे केस सारखे उभे. मी तुम्हाला घाणेरड्या शिव्या दिल्या. तुम्ही चादर बदलत म्हणायचात, "हां, हां, दे अजून. सोळा वर्षं हेच ऐकतेय." नवव्या दिवशी मी ताठ चालत घरी गेलो आणि पंधराव्या दिवशी ढाब्यावर. पुन्हा तुम्ही तेच केलंत, पुन्हा मी तेच केलं. तिसऱ्यांदा बरा झालो तेव्हा मी तुमच्या टेबलापाशी रडलो. म्हटलं, "बाई, दुखायचं थांबतंय, पर ती गोष्ट आत बसूनच ऱ्हाती. मला हाक मारायली. मी काय करू? मला मी रोखता येईना."

तुम्ही मला तोंड पुसायला कापूस दिलात. मग म्हणालात, "अमेरिकेत एक गोळी निघालीय. डॉक्टरांनी मागवलीय तुझ्यासाठी."

ती गोळी काय करते ते तुम्ही मला समजावलंत, ते मी जन्मात विसरणार नाही. "एस्टीत कशी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तशी ही गोळी आधीच जाऊन जागा धरते. मागून अफू येते, बघते तर जागा नाय. उभी राहते आणि उतरून जाते. तुला काय कळणार पण नाय." मी विचारलं, रुमाल किती वेळ राहतो? तुम्ही म्हणालात, एक दिवस. म्हणून रोज घ्यायची, एकाच वेळेला, आणि माझ्यासमोर. तेव्हापासून पावणेतीन. पहिल्या पाळीत असलो तर सुटताना, दुसरीत असलो तर जाताना, रात्रपाळीत असलो तर दुपारची झोप मोडून. गुरुवारी कंपनीला सुट्टी, म्हणून बुधवारी तुम्ही गुरुवारची गोळी कागदात बांधून द्यायचात आणि ती मला शांता द्यायची, तुम्ही शिकवलं तसं तोंड तपासून.

गोळी गिळायची, तोंड उघडायचं, जीभ वर करायची, दोन्ही गाल दाखवायचे. पहिल्या दिवशी मला जीभ नीट वर करता येईना, तेव्हा तुम्ही बोट घालून ती उचललीत. सिस्टर, आमच्या गावात माझ्या आईला पाणी ओंजळीत वरून ओतायचे, भांड्याला तिचा हात लागू नये म्हणून. तुमचं बोट माझ्या जिभेखाली होतं आणि तुम्ही मागच्या माणसाला ओरडत होतात की रांगेत नीट उभा राहा. तुम्हाला त्यात काही वाटलं नसेल. मला वाटलं. ते तुम्हाला सांगायचं राहून गेलं.

वर्ष गेलं, मी शुद्धीत होतो. वंदनेत पाचवं शील मोठ्याने म्हणू लागलो, इतक्या मोठ्याने की पुढच्या रांगेतली माणसं मागे वळून बघायची. मला हॅमरवरून काढून तपासणीच्या टेबलावर बसवलं, तेही तुम्हीच केलंत. तुम्ही माझी थट्टा करायचात, "सुदाम, तुझी जीभ बघून बघून मला तिचा वीट आलाय. एखाद दिवशी दुसरी घेऊन ये." मी हसायचो. तुम्ही कधी आजारी पडाल, कधी खिडकीत नसाल, हे माझ्या मनातच यायचं नाही.

आता जे लपवलं ते सांगतो.

माझी आई गेली तेव्हा तार उशिरा आली. मी गावी पोचलो तर राखसुद्धा उरली नव्हती. परत आलो ते आत ती हाक घेऊनच. त्या आठवड्यात सोमवारी, मंगळवारी, बुधवारी, तिन्ही दिवस मी तुम्हाला फसवलं. माझी डावीकडची मागची दाढ पडलेली होती. तिच्या खड्ड्यात जीभ दाबून गोळी बसवली की वर केलेल्या जिभेखाली काही दिसत नाही, गालात काही दिसत नाही. बाहेर आलो की सायकलच्या स्टँडमागे थुंकायचो. गुरुवारची शांताने दिली, तीही तशीच थुंकली. चार दिवस अंगात गोळी नाही, म्हणजे रुमाल उचलला गेलेला. दुपारी मी ढाब्यावर गेलो.

ओळखीचा एक राजस्थानी ड्रायव्हर बाजेवर बसला होता. त्याने डबीतून लगदा काढला, आपल्यासाठी तोडला, माझ्यासाठी तोडला. मी पूर्वीच्या हिशेबाने मोठा मागितला. चहाबरोबर गिळला आणि बाजेवर आडवा होऊन वाट बघत बसलो. अफू कशी येते हे मला पाठ होतं. आधी गुडघ्यामागे ऊब. मग नाकाला खाज. मग सगळ्या जगाचा आवाज शेजारच्या खोलीत निघून जातो.

काहीच आलं नाही.

शेजारी ड्रायव्हरची मान लवली, हातातली बिडी विझली. त्याच लगद्यातली त्याने खाल्ली होती. मला मात्र सगळं उलट जास्तच दिसायला लागलं. बाजेच्या सुंभावरच्या मुंग्या एकेक करून दिसत होत्या. उभ्या ट्रकच्या चाकाचे नट मी मोजू शकलो असतो. रस्त्यावर गाड्या जात होत्या पण आवाज येत नव्हता, जसा हॅमर वर गेल्यावर आणि खाली यायच्या आधी येत नाही. आणि आत, जिथे ती येऊन बसायची, तिथे कुणीतरी बसलेलं होतं. हे मी रंगवून सांगत नाही. मला ते कळत होतं, अंधारात खोलीत दुसरं माणूस आहे हे कळतं तसं. ते हलत नव्हतं, बोलत नव्हतं, नुसतं जागा धरून बसलं होतं. मी घाबरून ड्रायव्हरच्या डबीतून आणखी एक तुकडा घेतला आणि कोरडाच चघळला. त्याचा कडूपणा घशापर्यंत गेला आणि तिथेच संपला. ऊन कलेपर्यंत मी बसलो. मग बसने घरी आलो, जेवलो, झोपलो, रोजच्यासारखा.

दुसऱ्या दिवशी खिडकीशी येऊन मी तुम्हाला म्हटलं, "सिस्टर, काल चुकलो. खाल्ली. पर तुमची गोळी लई खरी हाय. काहीच झालं न्हाई."

मला वाटलं तुम्ही रागवाल. तुमचा चेहरा पांढरा पडला. "किती खाल्लीस?" मी बोटाने दाखवलं. तुम्ही खिडकी बंद करून बाहेर आलात, मला धरून आत नेलंत, बाकावर झोपवलंत. डोळ्यांत बॅटरी मारलीत, पुन्हा मारलीत. मनगट सोडेचनात. पाच वाजेपर्यंत तुम्ही दर थोड्या वेळाने येऊन माझ्या छातीकडे बघत होतात, ती वरखाली होते का ते. मी म्हटलं, "कामून घाबरायलात? गोळी हाय की माझ्या पोटात." तुम्ही म्हणालात, "हो. आहे. गप पड." आणि पुन्हा माझं मनगट धरलंत.

चार दिवस थुंकलेल्या गोळ्यांचं मी त्या दिवशी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. मला वाटलं, वर्षभराची गोळी रक्तात मुरली असेल. आणि खरं सांगायचं तर तुमची नजर बदलेल या भीतीने नाही सांगितलं. त्यानंतर गोळी देताना तुम्ही माझ्याकडे सरळ बघायचं सोडलंत. तळहातावर गोळी ठेवायचात आणि क्षणभर तिच्याकडेच बघत राहायचात, जणू तिने तुम्हाला न विचारता काहीतरी केलं होतं.

दोन वर्षांमागे एकदा तुम्ही म्हणालात, "सुदाम, बंद करून बघूया का आता? तुला नको असेल ती आता."

मी केवढा भडकलो. "मी जड झालो का तुम्हाला? मरू द्यायचंय का मला?" असं काहीबाही बोललो, भर रांगेत. तुम्ही नुसतं "बरं बाबा, बरं" म्हणालात आणि बरणीचं झाकण लावलंत. पुन्हा तो विषय काढला नाहीत. आता कळतं, तुम्ही तेव्हा मला खरं सांगायला निघाला होतात. मी तुमचं तोंड बंद केलं. या भांडणाचा शेवट आता कुठे करायचा?

शेवटची गाठ बुधवारची. काही खास बोलणं झालं नाही. तुम्ही पुडी दिलीत, शांताच्या खोकल्याचं विचारलंत, चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधलात. गुरुवारी दुपारी पावणेतीनला मी घरी ती पुडी सोडली. शांता समोर होती. गोळी जिभेवर ठेवली आणि मी दचकलो, कारण ती कडू होती. सहा वर्षांत ती कधी कडू लागली नव्हती, खडूसारखी भुरभुरीत असायची. ही कडू होती, अफूसारखी. मी शांताला म्हटलं तर ती म्हणाली, "गिळा आधी. तोंड दावा." मी गिळली. तुम्ही त्याच दुपारी गेलात, चिंचवडच्या तुमच्या खोलीत, खुर्चीत बसल्या बसल्या. तुमची भाची नलू सांगत होती, अडीचला तिने चहाचं विचारलं तेव्हा बोललात, आणि चहा घेऊन आली तेव्हा नव्हतात.

नलूनेच मला बोलावून घेतलं, दहाव्यानंतर. तुमच्या कपाटात पत्र्याचा एक डबा होता, वर चिकटपट्टीवर तुमच्या अक्षरात 'सुदाम, पावणेतीन'. तो तिने माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "दादा, आत्यापण यातलीच घ्यायची."

"काय घ्यायच्या?"

"गोळी. रोज, पावणेतीनला. सुट्टीलापण. चार-पाच वर्षं झाली असतील. मी विचारलं एकदा, तुला काय झालंय? तर म्हणाली, जागा मोकळी ठेवायची नाय."

मग तिने दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं. तुम्ही मुंबईच्या एका इस्पितळात होतात तेव्हा पेथिडीनची, दुखणं मारायची नशेची इंजेक्शनं स्वतःला टोचायला लागला होतात. पेशंटची. पकडल्या गेलात, गुपचूप राजीनामा दिलात, इकडे कंपनीच्या दवाखान्यात आलात. इथेही मधेमधे घसरत होतात. "मग एक दिवस घरी आली," नलू म्हणाली, "अशी भेदरलेली होती, जसं काही भूत बघून आली. म्हणाली, नलू, तो वाचला गो. काही न होता वाचला. त्या दिवसापासून हा डबा घरी आला. आणि त्या दिवसापासून तिने सुई धरली नाही."

म्हणजे तुम्हालाही तीच अमेरिकेची गोळी लागू पडली, असं मी समजलो. मला आनंदच झाला, सिस्टर. डबा निम्मा रिकामा होता, म्हणून मी डॉक्टरांकडे गेलो, की साहेब, सिस्टर गेल्या, आता ही गोळी मागवायची कुणी? डॉक्टर आता म्हातारे झालेत. त्यांनी गोळी हातात घेतली, उलटीपालटी केली, चष्मा काढून माझ्याकडे बघितलं.

"सुदाम, हे कॅल्शियम आहे. लहान पोरांना हाडं मजबूत व्हायला देतात ते."

मी म्हटलं, न्हाई साहेब, ती जागा धरणारी गोळी.

"तशी निघाली आहे म्हणे तिकडे. मीच मासिकात वाचून सिस्टरला सांगितलं होतं. पण ती आपल्याकडे आली नाही अजून. कधी येईल सांगता येत नाही." मग तुम्ही काय केलं असेल ते त्यांच्या ध्यानात आलं, आणि ते उठून माझ्या खांद्यावर हात ठेवायला आले. "अरे, मग तूच सोडलीस की. सगळं श्रेय तुझं आहे."

मला इतका राग आला की मी त्यांचा हात झटकला. मी सोडली म्हणे. मी मला ओळखतो. मी दोनदा सुटून दोनदा धावत गेलेला माणूस आहे. मी डॉक्टरांना ढाब्याचं सांगितलं, चार दिवस थुंकलेल्या गोळ्यांचंही सांगितलं, तुम्हाला न सांगितलेलं त्यांना सांगितलं. त्यांचा चेहरा तुमचा झाला होता तसाच झाला. म्हणाले, वर्षभर सोडलेल्या माणसाने तेवढी खाल्ली तर तो उठतच नाही, अंगाची सवय मोडलेली असते, श्वास थांबतो. मग म्हणाले, माल भेसळीचा असेल. मी म्हटलं, ड्रायव्हर त्याच लगद्याने झोपला. त्यांनी गोळी माझ्या हातावर परत ठेवली. मी निघताना फक्त म्हणाले, "पुन्हा करून बघू नकोस."

सिस्टर, मी चार दिवस तुमच्यावर चिडून होतो. सहा वर्षं मला खडू चारलात. रोज जीभ उचलून खडू बघितलात. मग चौथ्या दिवशी तपासणीच्या टेबलावर बसलो असताना माझ्या ध्यानात आलं ते असं. तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं तो खडू आहे. मला माहीत नव्हतं, मी भाबडेपणाने घेतला. तुम्ही मात्र माहीत असून घेतलात. मी येऊन म्हटलं गोळी खरी आहे, एवढ्या एका बोलण्यावर तुम्ही सुई ठेवून दिलीत आणि रोज पावणेतीनला, मी इकडे तोंड उघडत असताना, तुमची तुम्ही घेत राहिलात. मला वाटायचं मी तुमच्या आधाराने उभा आहे. तुम्ही माझ्या आधाराने उभ्या होतात. आणि माझं ते बोलणं खोटं होतं, कारण माझ्या पोटात खडूसुद्धा नव्हता.

मग त्या दुपारी बाजेवर माझ्या आत जागा धरून कोण बसलं होतं? तुम्हाला तो प्रश्न तेव्हाच पडला असेल. तुम्ही मला विचारलं असतंत तर मी चारही दिवसांचं कबूल केलं असतं, आणि आपण दोघं मिळून घाबरलो असतो. एकट्याने घाबरायला फार जड जातं. आता दुपारी डोळा लागला की माझं तोंड उघडतं, शांता सांगते. तिने परवा गंमत म्हणून वाकून बघितलं आणि चटकन मागे झाली. काय दिसलं विचारलं तर म्हणाली, "काही न्हाई. पर जीभ वर कुणी धरून ठेवलीय असं वाटायलं."

आणि ती हाक परत आली आहे. हे तुम्हाला सांगायलाच हवं. रुमाल कधी नव्हताच हे कळल्यापासून रोज येते, आईच्या वेळी आली होती तशी. ती म्हणते, आता तर काही अडचण नाही, बघ की एकदा.

गेल्या गुरुवारी मी ढाब्यावर गेलो. शांताला सांगून गेलो नाही. ड्रायव्हर दुसरा होता, डबी तशीच. त्याने तोडून दिलेला तुकडा मी कागदावर घेऊन बसलो. चहा आला. तुकडा उचलला, ओठांशी नेला, तिथपर्यंत नेला हे मी तुमच्यापासून लपवत नाही. आणि हात थांबला. कुणी धरला नाही, भुताबिताने नाही. मीच थांबलो, कारण मला एक साधी गोष्ट सुचली. ही चढली तर तुम्ही गेलात. ती जागा रिकामी आहे, तुम्ही कुठेच नाही, आणि चिंचवडच्या त्या खुर्चीत सगळं संपलं. आणि ही नाही चढली तर तुम्ही गेलेल्या नाहीत, तुम्ही त्या जागेवर बसून आहात, माझ्या आत, न हलता, न बोलता, मला आयुष्यभर पुराल इतक्या. दोन्हींपैकी काय खरं आहे ते मला त्या एका तुकड्याने कळलं असतं. आणि दोन्हींपैकी एकही ऐकायची माझी छाती नव्हती.

मी तुकडा कागदासकट ड्रायव्हरला परत केला. तो हसून म्हणाला, "डर गया क्या?"

मी म्हटलं, हो.

मग तो चहा, गार झालेला, मी नुसताच प्यालो. बस लगेच मिळाली. घरी आलो तर शांता दारात होती, तिने माझ्या डोळ्यांत बराच वेळ बघितलं, तुम्ही बघायचात तसं. बाहुल्या मोठ्या दिसल्या असणार. तिने तांदूळ निवडायला घेतले.

आज तुम्हाला जाऊन एकवीस दिवस झाले. मला काही कळलेलं नाही, आणि मी खाल्लेली नाही, सिस्टर.